प्रोस्टेटची वाढ: लघवीचा त्रास, उपचार आणि त्यांचे फळ

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनळीला चारही बाजूंनी वेढून प्रोस्टेट ग्रंथी असते. ऐन तारुण्यात ती मोठ्या आवळ्याएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. वीर्यातल्या द्रवाचा काही भाग ती तयार करते. एरवी तिचे अस्तित्व कोणाला जाणवतही नाही. चाळिशीनंतर मात्र तिच्या आतल्या, मूत्रनळीला लागून असलेल्या भागात पेशींच्या लहान लहान गाठी वाढू लागतात. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ही वाढ कर्करोगाची नसते आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. त्रास मात्र तिच्यामुळे पुष्कळ होतो, आणि तो वेळेवर ओळखला नाही तर मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

ग्रंथी का वाढते

वाढीचे मूळ पुरुषी संप्रेरकात आहे. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनपासून प्रोस्टेटमध्ये एका विकराच्या मदतीने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी संप्रेरक बनते आणि त्याच्या जोरावर ग्रंथी वाढते. डोमिनिकन रिपब्लिक या देशातल्या काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच कमी असते. तिथल्या अशा पुरुषांची प्रोस्टेट म्हातारपणीही लहानच राहते, असे १९७० च्या दशकातल्या अभ्यासात दिसून आले. त्या निरीक्षणातून हे विकर रोखणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला आणि १९९२ मध्ये फिनास्टेराइड वापरात आले.

वाढलेली ग्रंथी दोन प्रकारे अडथळा आणते. तिचा आकार मूत्रनळीला बाहेरून दाबतो, हा पहिला. ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळलेले राहतात, हा दुसरा. औषधांचे दोन मुख्य गट याच दोन अडथळ्यांवर काम करतात.

त्रासाची दोन रूपे

पहिल्या प्रकारचा त्रास लघवी बाहेर पडताना होतो. सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, जोर करावा लागतो, शेवटी थेंब थेंब गळत राहते आणि पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. दुसऱ्या प्रकारचा त्रास लघवी साठवताना होतो. तासा-दीड तासाने जावे लागते, आलेली लघवी धरवत नाही, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. अडथळ्याविरुद्ध सतत जोर लावून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडखोर होतो, त्यातून हा दुसरा त्रास उद्भवतो.

ग्रंथीचा आकार आणि त्रासाचे प्रमाण यांची नेहमी जोडी जमत नाही. सोनोग्राफीत ८० ग्रॅम ग्रंथी असलेल्या माणसाला फारसा त्रास नसतो आणि ३५ ग्रॅमच्या ग्रंथीने एखाद्याची लघवी अडकते. त्यामुळे सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट वाढली आहे’ एवढे लिहिलेले पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. उपचार त्रास, मूत्राशयाची अवस्था आणि मूत्रपिंडाचे काम पाहून ठरतो.

त्रास मोजण्यासाठी जगभर सात प्रश्नांची एक पत्रिका वापरली जाते. गेल्या महिन्यात धार किती वेळा बारीक झाली, रात्री किती वेळा उठावे लागले, अशा प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण असतात. एकूण ७ पर्यंत गुण म्हणजे सौम्य त्रास, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र. आठवा प्रश्न वेगळा आहे: उरलेले आयुष्य लघवीच्या याच स्थितीत काढावे लागले तर कसे वाटेल? उपचाराचा निर्णय पुष्कळदा या आठव्या उत्तरावर फिरतो. पत्रिका सोपी आहे. वाचता न येणाऱ्या रुग्णाला घरातल्या कोणीही प्रश्न वाचून दाखवावेत. उपचारानंतर तीच पत्रिका पुन्हा भरली की फरक आकड्यात दिसतो. गुण तीनने उतरले तर रुग्णाला सुधारणा जाणवू लागते.

सारखी दिसणारी दुखणी

वयस्क माणसाला वरचेवर लघवी लागते म्हणजे प्रोस्टेटच, असे धरून चालणे चुकीचे आहे. मधुमेहात लघवीचे प्रमाण वाढते आणि जुन्या मधुमेहात मूत्राशयाचा स्नायूही दुबळा होतो. मूत्रनळी आतून आकसणे, मूत्राशयातला खडा, जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचा क्षयरोग, मणक्याचे आजार आणि अर्धांगवायू यांतही अशीच लक्षणे दिसतात. पायावर सूज असलेल्या माणसाने रात्री पाठ टेकली की ते पाणी रक्तात परतते आणि लघवीवाटे निघते. रक्तदाबासाठी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावे लागते.

मेडिकलमधून सहज आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. त्यांतली नाक मोकळे करणारी औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात आणि ॲलर्जीविरोधी औषधे मूत्राशयाचा जोर कमी करतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशा गोळीनंतर पूर्ण अडकू शकते. बद्धकोष्ठ, दारू आणि लांबच्या एसटी प्रवासात तासन्‌तास लघवी रोखून धरणे यांनीही हेच होते.

मराठवाड्याचा उन्हाळा या त्रासात भर घालतो. उन्हात काम करणाऱ्याचे पाणी घामावाटे जाते, लघवी गडद आणि जळजळीत होते आणि ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. सारखे उठावे लागते म्हणून कित्येक वृद्ध पाणी पिणेच तोडतात. त्याने लघवी आणखी गडद होऊन मूत्राशयाला चुरचुरते आणि संसर्ग व खडे यांचा धोका वाढतो. दिवसभरात पाणी पुरेसे प्यावे आणि संध्याकाळनंतर हात आखडता घ्यावा, हा मार्ग योग्य आहे. जळजळ आठवडाभरात गेली नाही, ताप आला किंवा लघवी लाल झाली तर तिला उन्हाळी समजून घरी थांबू नये.

तपासणी: गावापासून शहरापर्यंत

बिलोलीचे उदाहरण घ्या. हा नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेचा, तेलंगणाला लागून असलेला तालुका. नांदेड शहर इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे आणि सीमेपलीकडचे बोधन, निजामाबाद त्याहून जवळ पडते. कुंडलवाडी किंवा सगरोळीच्या वृद्धाला लघवीच्या तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी, सोबतीला एक माणूस आणि गाडीभाडे. या कारणाने दुखणे वर्ष-दोन वर्षे अंगावर काढले जाते. पहिल्या बऱ्याचशा तपासण्या मात्र जवळपासच होऊ शकतात.

लघवीची साधी तपासणी, रक्तातील साखर आणि मूत्रपिंडाचे काम सांगणारे क्रिएटिनिन यांवरून अर्धे चित्र स्पष्ट होते. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. ही तपासणी मिनिटभराची असते. रुग्ण संकोचाने ती टाळतात, पण ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी कठीण, हे तिच्यातूनच कळते आणि कठीण गाठ कर्करोगाची शंका निर्माण करते. रुग्णाने घरी तीन दिवस एक नोंद ठेवावी: किती वाजता लघवी झाली आणि मापाच्या भांड्यात ती किती भरली. चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक रात्री होत असेल तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो.

सोनोग्राफीत ग्रंथीचे माप, मूत्रपिंडांची सूज, खडे आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी पाहतात. उरलेल्या लघवीचा आकडा ग्रंथीच्या मापापेक्षा महत्त्वाचा आहे. तो ५० मिलिलिटरच्या आत असणे चांगले, आणि ३०० च्या पुढे गेला तर मूत्राशय थकत चालले आहे असे समजावे. लघवीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असेल तर अडथळ्याची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर अधिक. मात्र त्या वेळी निदान १५० मिलिलिटर लघवी व्हायला हवी, नाहीतर आकडा फसवा ठरतो.

पीएसए ही रक्ततपासणी कर्करोगाच्या शंकेसाठी असते. साध्या वाढीत, संसर्गात आणि लघवीची नळी घातल्यानंतरही पीएसए वाढतो. म्हणून एका वाढलेल्या आकड्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढता येत नाही.

औषधाविना

सौम्य त्रासाला औषधाची गरज नसते. संध्याकाळनंतर चहा आणि पाणी कमी करणे, झोपण्यापूर्वी लघवी करून येणे, एकदा लघवी झाल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करणे, पोट साफ ठेवणे आणि वर्षातून एकदा तपासणी एवढे पुरते. मध्यम त्रासातही काहींचे असे भागते. अमेरिकेत मध्यम त्रासाच्या ५५६ पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नुसते लक्ष ठेवले गेले. लक्ष ठेवलेल्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्शाला तीन वर्षांत शस्त्रक्रिया करावी लागली आणि बाकीच्यांना ती लागली नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांची लक्षणे मात्र स्पष्टपणे अधिक सुधारली. ज्यांना त्रासाचा जाच अधिक वाटत होता, त्यांना तिचा लाभही अधिक झाला.

औषधे आणि त्यांचे फळ

पहिला गट आवळलेले स्नायू सैल करतो. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन आणि सिलोडोसिन ही त्यांतली नेहमीची नावे. गुण काही दिवसांतच दिसू लागतो आणि त्रासाचे गुण ३० ते ४० टक्के उतरू शकतात. ग्रंथीचा आकार मात्र तेवढाच राहतो. उठताना चक्कर येणे आणि वीर्य बाहेर न पडणे हे दुष्परिणाम होतात. पहिल्या दिवसांत गोळी रात्री घ्यावी आणि अंथरुणातून सावकाश उठावे. या गोळ्यांनी डोळ्याची बाहुली शस्त्रक्रियेत नीट मोठी होत नाही. त्यामुळे मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घालताना ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी चालू होती, हे डोळ्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरा गट ग्रंथी लहान करतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने ग्रंथी सुमारे पाव हिश्शाने आक्रसते, पण गुण यायला सहा महिने लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून गोळी सोडणारे रुग्ण या औषधाचा लाभ गमावतात. हे औषध मोठ्या ग्रंथीत उपयोगी पडते. सुमारे ३,००० पुरुषांवरच्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत फिनास्टेराइड न घेणाऱ्या शंभरातल्या सातांची लघवी अडकली, घेणाऱ्यांत तिघांची. औषध न घेणाऱ्यांत दहांना शस्त्रक्रिया लागली, घेणाऱ्यांत पाचांना. कामेच्छा कमी होणे आणि ताठरता कमी होणे हे त्रास काहींना होतात. या औषधाने पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून सहा महिन्यांनंतरचा आकडा दुप्पट धरून वाचावा लागतो. गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर कर्करोगाची खूण हातची सुटू शकते.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या चाचणीत दोन्ही गटांची औषधे एकत्र दिली गेली. दुखणे बळावण्याचा धोका एका औषधाने ३४ ते ३९ टक्के कमी झाला, दोन्हींनी मिळून ६६ टक्के. लघवीच्या घाईचा त्रास अधिक असेल तर मूत्राशय शांत करणारे औषध जोडतात, पण लघवी बरीच उरत असेल तर ते जपून द्यावे लागते. ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या टाडालाफिल या औषधाचा उपयोग लघवीच्या त्रासातही होतो, मात्र छातीदुखीसाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते कदापि घेऊ नये.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या प्रकारांमध्ये, गुद आणि मूत्राशय यांच्या मधल्या कठीण गाठीने लघवी अडण्याचे वर्णन आहे. वैद्यांच्या काढ्यांवर आणि चूर्णांवर विश्वास ठेवणारे अनेक रुग्ण आहेत. अशा रुग्णांनीही क्रिएटिनिन आणि उरलेली लघवी ठरावीक काळाने तपासून घ्यावी. सॉ पाल्मेटो या परदेशी वनस्पतीच्या गोळ्या जगभर विकल्या जातात, पण २००६ आणि २०११ च्या काटेकोर चाचण्यांत त्यांचा परिणाम नुसत्या दिखाऊ गोळीहून अधिक आढळला नाही.

लघवी तुंबली तर

ओटीपोट फुगले आहे, कळा येत आहेत आणि थेंबही पडत नाही, अशा वेळी घरगुती उपायांत रात्र काढू नये. नांदेड गाठण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रबरी नळी घालून घेणे हा पहिला उपचार आहे. नळी घालताच आराम पडतो. ती दोन-तीन दिवस ठेवून स्नायू सैल करणारी गोळी चालू करतात आणि मग नळी काढून पाहतात. अल्फुझोसिनच्या चाचणीत गोळी घेतलेल्या दहापैकी सहांना नळी काढल्यावर स्वतःहून लघवी झाली, न घेतलेल्यांत निम्म्याहून थोड्या कमी जणांना.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. मूत्राशय महिनोन्‌महिने तुडुंब राहते, दुखत नाही आणि भरून वाहणारी लघवी कपड्यात गळते. घरच्यांना वाटते, वयामुळे ताबा सुटला. आत मात्र मूत्रपिंडे सुजत असतात. भूक मंदावणे, चेहऱ्यावर सूज आणि मळमळ ही तेव्हाची लक्षणे. अशा रुग्णाला नळी घातल्यावर पुढचे एक-दोन दिवस लघवीचा लोट येतो आणि पाणी व क्षार झपाट्याने जातात. म्हणून त्याला रुग्णालयातच ठेवावे लागते. शस्त्रक्रिया क्रिएटिनिन खाली आल्यावरच करतात.

शस्त्रक्रिया आणि तिचे फळ

वारंवार लघवी अडकणे, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, पुनःपुन्हा होणारा संसर्ग, मूत्राशयातले खडे आणि मूत्रपिंडांवर ताण यांपैकी काहीही असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. औषधाने त्रास कमी होत नसेल किंवा औषध सोसत नसेल तरीही ती करता येते.

पोटावर छेद देऊन ग्रंथी काढण्याची पद्धत लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी पीटर फ्रेयर यांनी रूढ केली. त्याआधी त्यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भारतात अनेक वर्षे काम केले होते. आज बहुतेक शस्त्रक्रिया लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून होतात. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात आणि ग्रंथीचा आतला भाग विजेच्या तारेने खरवडून काढतात. ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ही पद्धत रुळलेली आहे. त्याहून मोठ्या ग्रंथीसाठी लेझरने आतला गर सोडवून काढतात किंवा पोटावर छेद घेतात. लेझरमध्ये रक्तस्राव कमी होतो आणि नळी लवकर निघते. लक्षणांतली सुधारणा मात्र कुशल हातांत दोन्हींत जवळपास सारखीच असते.

खरवडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्रासाचे गुण साधारण ७० टक्के उतरतात आणि धारेचा वेग दुपटीहून अधिक होतो. शंभरातल्या सुमारे ६५ जणांना त्यानंतर वीर्य बाहेर येत नाही. ते मूत्राशयात जाते आणि लघवीतून निघून जाते. त्याने अपाय होत नाही, पण याची कल्पना आधी द्यायला हवी, विशेषतः अपत्य हवे असणाऱ्याला. ताठरता बहुतेकांत टिकून राहते. मूत्रनळी किंवा मूत्राशयाचे तोंड आकसण्याचा त्रास शंभरातल्या चार-पाच जणांना होतो, आणि लघवीवरचा ताबा कायमचा सुटणे क्वचित घडते. दर वर्षी शंभरातल्या एक-दोघांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

सर्वात हट्टी लक्षण म्हणजे रात्रीचे उठणे. धार मोठी झाली तरी ते पूर्ण थांबेलच असे नाही, कारण त्यामागे साखर, हृदय, झोप अशी इतर कारणेही असतात. अडथळा हे मुख्य कारण असलेल्यांना शस्त्रक्रियेने सर्वाधिक गुण येतो. जुना मधुमेह, मणक्याचा आजार किंवा वर्षानुवर्षे तुंबलेले मूत्राशय असेल तर स्नायूतच जोर उरलेला नसतो. मार्ग मोकळा करूनही अशा काहींना नळीचा आधार घ्यावा लागतो. ग्रंथी केव्हाही काढता येते, थकलेला स्नायू मात्र पूर्वीसारखा होईलच असे नाही. अंगावर काढण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते.

सोय आणि खर्च

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये त्यांतच मोडतात. मोठ्या उपचारासाठी नांदेडला विष्णुपुरी इथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्याच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत नांदेड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचा विभाग तिच्यात आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटावे आणि ठरलेला उपचार योजनेत बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर

नळी एक ते तीन दिवसांत निघते. पहिले काही आठवडे जळजळ आणि घाई राहते, मग ओसरते. दहा-वीस दिवसांनी खपली सुटून लघवी पुन्हा लाल होऊ शकते. पाणी वाढवल्यावर ती निवळते. गाठी पडू लागल्या किंवा धार बंद झाली तर लगेच रुग्णालय गाठावे. चार ते सहा आठवडे ओझे उचलणे, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल टाळावी, आणि शौचाला जोर करू नये. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. त्याचा अहवाल घेणे विसरू नये, कारण एरवी न कळलेला कर्करोग काही वेळा त्यात सापडतो. शस्त्रक्रियेत ग्रंथीचा बाहेरचा भाग मागे राहतो आणि बहुतेक कर्करोग त्याच भागात होतात. त्यामुळे ‘प्रोस्टेट काढली, आता काळजी नाही’ असे म्हणता येत नाही. तीन महिन्यांनी सात प्रश्नांची पत्रिका, धारेचा वेग आणि उरलेली लघवी पुन्हा पाहावी, आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने ग्रंथीची तपासणी आणि पीएसए चालू ठेवावे.